हिरवळीवरचे पिवळे गोल : पाचगणीचं लॉन, कुत्री आणि आपले कष्ट

 

आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. बंगल्यामागचं लॉन आणि त्यावर पळणारी कुत्री, यात आपल्याला काय करायचंय? पण आमच्या गटांतल्या कितीतरी जणी बंगल्यांवर हिरवळ राखायचं काम करतात. खुरपणं, पाणी देणं, पाला गोळा करणं, कडा छाटणं. उन्हाळा आला की त्या हिरवळीवर पिवळे गोल पडतात आणि पहिला बोल लागतो तो खुरपणाऱ्या बाईला. पाणी नीट दिलं नाहीस, खत जास्त टाकलंस. एका ठिकाणी तर या गोलांपायी महिन्याच्या पैशातून कपात झाली. म्हणून आज आम्ही या हिरवळीचा इतिहास सांगणार आहोत. ती आली कुठून, कुत्री आली कुठून आणि दोघांचं जमत का नाही, हे कळलं की बोल कुणाला लावायचा तेही कळतं.

आधी आपल्या दारापासून सुरुवात करू. आपल्या आज्या-पणज्यांच्या अंगणात गवत असायचं का? नाही. अंगण म्हणजे चोपून, सारवून, शेणसडा घालून केलेली उघडी जमीन. तिथं धान्य वाळायचं, पापड-कुरडया वाळायच्या, पोरं खेळायची, लग्नाचा मांडव पडायचा. दाराशी गवत वाढलं तर विंचूकाट्याची भीती, म्हणून पावसाळा सरला की पहिलं काम गवत उपटायचं. कुत्रं त्याच अंगणात, नाहीतर चुलीच्या राखेत अंग टाकून पडायचं. त्याच्या पळण्यानं अंगणाचं काही बिघडत नव्हतं. उकरलं तर पुढच्या सारवणात ते भरून निघायचं.

गवताची जागा होती माळावर आणि बांधावर. त्यातली हरळी तर आपल्याला दोन्ही बाजूंनी ठाऊक. गणपतीला वाहतो त्या दूर्वा म्हणजे हरळीच. देवघरात तिचा मान, शेतात मात्र तिचा वैताग. तिची खोडं जमिनीखालून आणि जमिनीवरून धावतात, प्रत्येक पेऱ्याला मूळ फुटतं, तुकडा राहिला की पुन्हा रान भरतं. कुदळीनं हरळी काढताना किती पिढ्यांच्या कमरा मोडल्या असतील! सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी १९१० साली वसली आणि तिथले लोखंडी नांगर गावोगाव गेले. खोल नांगरट करून उलथलेली हरळी उन्हात वाळवायची, हा उपाय तेव्हापासून आपल्या भागात सोपा झाला. ही हरळी लक्षात ठेवा, पुढं तिचंच काम आहे.

आता लॉनकडे वळू. लॉन म्हणजे घरासमोर किंवा घरामागे गालिच्यासारखं बारीक कापलेलं गवत. ही कल्पना इंग्लंडातली. तिथं वर्षभर थोडा थोडा पाऊस पडतो, हवा थंड असते, त्यामुळे गवत फारसं पाणी न घालताही हिरवं राहतं. मोठ्या जमीनदारांच्या वाड्यांपुढं अशी गवताची मैदानं असायची. ती आखूड ठेवायला एकतर मेंढ्या चारायच्या, नाहीतर लांब दांड्याच्या विळ्यांनी मजुरांकडून कापून घ्यायची. कापणारे बाप्ये असले तरी तण वेचायला तिथंही बायाच असायच्या. ज्या जमिनीवर पीक घेता येतं ती नुसती बघायला ठेवायची, आणि वर तिच्यावर मजुरी खर्च करायची, म्हणजे श्रीमंतीच दाखवायची झाली.

१८३० साली एडविन बडिंग नावाच्या इंग्रज कारागिरानं गवत कापायचं मशीन काढलं. तो राहायचा कापडाच्या गिरण्यांच्या गावात. लोकरी कापडावरचे वर आलेले धागे एका फिरत्या पात्यानं सारखे कापले जातात हे त्यानं पाहिलं होतं. तीच युक्ती त्यानं गवताला लावली. मग मध्यम घरांनाही लॉन परवडू लागलं. तेच साहेब लोक आपल्याकडे बंगले बांधू लागले, तेव्हा ती आवड सोबत घेऊन आले.

आपल्या डोंगरावर हे कसं घडलं ते बघा. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या काळात, १८२८ च्या सुमारास, महाबळेश्वरला इंग्रजांचं थंड हवेचं ठाणं झालं. तेव्हा साताऱ्याच्या गादीवर छत्रपती प्रतापसिंह महाराज होते. पण महाबळेश्वरचा पाऊस सहा हजार मिलिमीटरच्या आसपास. पावसाळ्यात तिथं राहणं अवघड, सगळ्यांना खाली उतरावं लागे. म्हणून बारमाही राहता येईल अशी जागा शोधणं सुरू झालं. महाबळेश्वरपासून जेमतेम वीस किलोमीटरवर, पण पाऊस खूप कमी, अशी जागा मिळाली ती पाचगणी. दांडेघर, खिंगर, गोडवली, आंब्रळ, ताईघाट या पाच गावांच्या मधली म्हणून पाचगणी, असं नाव सांगतात. १८६० च्या दशकात जॉन चेसन या इंग्रज गृहस्थानं इथली वस्ती उभी केली. त्यानं बाहेरदेशीची झाडं आणून लावली. आज आपल्याला आपलाच वाटणारा सिल्वर ओक हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा.

बंगले झाले, पुढं शाळा झाल्या, क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झालं. इंग्रजांच्या जोडीनं मुंबईची पारशी कुटुंबंही इथं स्थिरावली. प्रत्येक बंगल्याला आवार आणि आवारात गवत. पण इंग्लंडचं गवत आपल्या उन्हाळ्यात टिकत नाही. ते थंड हवेचं पीक. मग देशभर साहेबांच्या बागांत, क्लबात, क्रिकेटच्या मैदानांवर कोणतं गवत लावलं गेलं? आपली हरळीच. उत्तरेत तिला दूब म्हणतात. ज्या हरळीला आपण शेतातून कुदळीनं हाकललं, तिच्याच काड्या बोट-बोट अंतरावर टोचून साहेबाचं लॉन तयार झालं. टोचणाऱ्या, खुरपणाऱ्या, पाणी घालणाऱ्या हातांची नावं कुठल्या वहीत नाहीत. आजही उकिडवं बसून हे काम कोण करतं ते आपल्याला माहीत आहे.

एक गोष्ट इथल्या जमिनीबद्दल. पाचगणीचं टेबललँड आपण सगळ्यांनी पाहिलंय. सपाट जांभ्याचा कातळ आणि वर मातीचा पातळ थर. पावसाळ्यात तिथं हिरवा गालिचा, दिवाळीनंतर रंग उतरतो, उन्हाळ्यात सगळं पिवळं. हा इथल्या गवताचा स्वभाव आहे. ते उन्हाळ्यात झोपतं आणि पहिल्या पावसाला उठतं. उन्हाळ्यातही हिरवं हवं, असा हट्ट धरला की पाणी आलंच. साधा हिशेब करू. कडक उन्हात हिरवळीला दिवसाला ५ मिलिमीटर पाणी धरलं, तर एका गुंठ्याला रोजचं ५०० लिटर पाणी लागतं. १५ लिटरच्या घागरीनं मोजलं तर ३३ घागरी. एप्रिल-मे महिन्यात ३३ घागरींचं मोल काय, हे डोंगरातल्या बाईला सांगायला नको.

आता कुत्र्यांकडे येऊ. कुत्रा साहेबानं आणला असं कुणी समजू नये. खंडोबाच्या सोबत कुत्रा असतोच. धनगराच्या कळपाला कुत्र्याशिवाय रात्र काढता येत नाही. आपल्या साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णाकाठी थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. शिकारीत त्यानं महाराजांचा जीव वाघापासून वाचवला अशी हकिकत पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. सांगलीच्या पलीकडे मुधोळला घोरपडे संस्थानिकांनी शिकारी कुत्र्यांची जात जोपासली. त्या मुधोळ कुत्र्याचं चित्र २००५ साली टपाल तिकिटावर आलं.

पारशी धर्मातही कुत्र्याला मोठा मान आहे, अंत्यविधीतसुद्धा त्याचं काम असतं. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईत सरकारनं मोकाट कुत्री मारायचा सपाटा लावला, तेव्हा पारशी लोक रस्त्यावर उतरले, बाजार बंद झाले, मोठा दंगा झाला. अशा माणसांच्या बंगल्यांत कुत्री असणारच. इंग्रजांच्या विलायती कुत्र्यांना तर मैदानातला उन्हाळा सोसवत नसे, डोंगरावरची हवा त्यांना मानवायची.

म्हणजे बघा, बघण्यासाठी केलेली हिरवळ आणि पळण्यासाठी जन्मलेलं जनावर एकाच आवारात आलं. आज बरेचसे बंगले पुण्या-मुंबईच्या कुटुंबांचे किंवा पाहुण्यांना भाड्यानं द्यायचे आहेत. शनिवार-रविवारी गाडीतून कुत्री येतात. आठवडाभर फ्लॅटमध्ये कोंडलेलं जनावर इथं सुटलं की वेड्यासारखं धावतं. त्याचा काही दोष नाही. पण सोमवारी सकाळी त्या हिरवळीकडे बघायचं आपल्याला असतं.

आता मुख्य प्रश्न. पिवळा गोल का पडतो? शेतात युरियाची गोणी फुटली आणि एका जागी ढीग सांडला तर काय होतं? तिथलं पीक करपतं आणि ढिगाच्या कडेनं मात्र काळंभोर हिरवं होतं. कुत्र्याच्या मुतात हाच युरिया असतो. एका जागी जास्त पडला की मधलं गवत जळतं. कडेला कमी पोचतो, तिथं तो खत होतो, म्हणून पिवळ्या गोलाभोवती गडद हिरवी कड दिसते. ही खूण पक्की लक्षात ठेवा. पाणी कमी पडलं तर गवत सरसकट सुकतं, वाटोळं नाही. गोल डाग आणि भोवती हिरवी कड दिसली, तर ते बहुतेक कुत्र्याचंच काम असतं, खुरपणारीचं नव्हे.

कुत्रीच्या मुतात आम्ल जास्त, म्हणून डाग पडतात असं काहीजण सांगतात. ते खरं नाही. कुत्री बसून सगळं एकाच जागी सोडते. मोठा झालेला कुत्रा बहुधा पाय वर करून झाडाला, खांबाला थोडं थोडं सोडतो. फरक एवढाच. आम्ल कमी करायचं म्हणून कुत्र्याला सोडा किंवा कसल्या गोळ्या चारणं मात्र धोक्याचं. त्यानं जनावराला आजार होऊ शकतो.

धनगर बांधवांचं शहाणपण इथं आठवतं. शेतकरी पैसे किंवा धान्य देऊन रानात मेंढ्या बसवून घेतात. लेंडी आणि मूत हेच खत. पण धनगर वाडा एकाच जागी ठेवत नाही, जागा बदलत जातो. पसरलं तर खत, साचलं तर जाळ. आपल्या मातीतलं हे जुनं ज्ञान लॉनलाही तसंच लागू पडतं.

आता उपाय. पहिला, कुत्रं मुतलं की लगेच त्या जागी बादलीभर पाणी ओतायचं, म्हणजे युरिया पातळ होऊन खाली जातो. दुसऱ्या दिवशी ओतून फारसा उपयोग नाही. म्हणजे हे काम त्या वेळी हजर असणाऱ्याचं, कुत्र्याच्या मालकाचं. दुसरा, आवाराच्या एका कोपऱ्यात मुरूम किंवा वाळू टाकून कुत्र्याची जागा करायची. रोज सकाळी पहिल्यांदा तिथंच न्यायचं. कुत्रं वासावर चालतं, आठ-पंधरा दिवसांत सवय लागते.

तिसरा उपाय वाटेचा. कुंपणाकडेनं कुत्री रोज पळतात. रस्त्यावरून कुणी गेलं की ती या टोकापासून त्या टोकापर्यंत भुंकत जातात. तिथली माती दाबली जाऊन दगडासारखी होते. तिथं कितीदाही गवत लावा, येणार नाही. म्हणून तिथं दोन-अडीच फुटांची मुरमाची किंवा फरशीची पट्टीच करून टाकायची. शेळ्यांनी पाडलेल्या पायवाटेवर आपण पेरणी करत नाही, तसंच हे.

चौथी गोष्ट गवताच्या निवडीची. हरळीसुद्धा मुतानं जळते, पण तिची खोडं कडेनं धावत येऊन जागा भरून काढतात. मेक्सिकन म्हणून विकलं जाणारं बारीक गादीसारखं गवत फार हळू वाढतं, त्यावरचा डाग महिनोन्‌महिने दिसतो. जिथं कुत्री आहेत तिथं हरळी बरी. फक्त तिला ऊन लागतं. सिल्वर ओकच्या दाट सावलीत ती टिकत नाही, तिथं दगड-मुरूम किंवा पालापाचोळाच बरा. गवत फार आखूडही कापू नये. दोन बोटं उंची ठेवली तर मुळं खोल राहतात आणि पळापळ सोसते. पावसाळ्यात चिखल असताना चार दिवस कुत्र्यांना हिरवळीवर सोडलं नाही तर निम्मं नुकसान टळतं. आणि मेलेला गोल दुरुस्त करायचा तर तिथं आधी भरपूर पाणी सोडायचं, जळकी मुळं खुरपून काढायची, नवी माती आणि शेणखत घालायचं आणि कडेच्याच हरळीच्या काड्या टोचायच्या. पावसाळ्याच्या तोंडाला केलं तर महिना-दीड महिन्यात जागा भरते.

आता आपल्या जिवाचं. कुत्र्याच्या विष्ठेत जंतांची अंडी असू शकतात आणि काही जंतांच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून शरीरात शिरतात. म्हणून ज्या लॉनवर कुत्री फिरतात तिथं अनवाणी काम करायचं नाही. पायात बूट, हातात रबरी मोजे हवेत. विष्ठा आधी उचलायची, मग खुरपं धरायचं. ती भाजीपाल्याच्या खतात मिसळायची नाही. हातापायाला जखम असेल तर झाकून घ्यायची. कुत्रं चावलं किंवा नखानं ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. पिसाळीवरची लस लुई पाश्चरनं १८८५ साली पहिल्यांदा माणसाला दिली. सव्वाशे वर्षांहून जुनं हे औषध असताना कुणी हळद-चुना लावून घरी बसू नये. एकदा रोगाची लक्षणं दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

कुत्र्यालाही आपल्याकडून धोका होऊ शकतो. एरंडीची पेंड खत म्हणून टाकली तर कुत्री ती वासानं खातात आणि ती विषारी असते. जिथं कुत्री आहेत तिथं ती वापरायची नाही, चांगलं कुजलेलं शेणखत घालायचं. कण्हेरही विषारी. तिची छाटलेली फांदी लॉनवर पडू द्यायची नाही.

हे सगळं सांगण्यामागं आमचा हेतू एक आहे. लॉन हे आपोआप हिरवं राहणारं गवत नाही. जिथून ते आलं तिथंही ते मजुरीवरच उभं होतं. इथं त्यावर उन्हाळ्याचं पाणी आणि कुत्र्यांची पळापळ वाढली, म्हणजे कामही वाढलं. वाढलेल्या कामाचा मोबदला वाढायला हवा. त्याऐवजी कपात होते, कारण कामात काय काय येतं हे आधी कुणी बोललेलंच नसतं.

म्हणून आमच्या गटांनी बंगल्याचं काम घेताना बोलून घ्यायच्या गोष्टी ठरवल्या आहेत, तुम्हीही बैठकीत मांडा. आवारात किती कुत्री राहतात किंवा येतात, हे आधी विचारायचं. कुत्री असतील तर मुरमाचा कोपरा मालकानं करून द्यायचा. विष्ठा उचलणं हे वेगळं काम, त्याचे पैसे वेगळे. मोजे आणि बूट मालकाकडून. गोल दुरुस्त करायचे तर त्या दिवसांची मजुरी वेगळी. कुत्र्यांना लस टोचल्याचं कार्ड बघायला मागायचं, यात लाजायचं काही नाही. काम हाती घेतल्याच्या पहिल्याच दिवशी हिरवळीचे दोन फोटो मोबाईलवर काढून ठेवायचे, म्हणजे जुना डाग नव्या बाईच्या माथी येत नाही. एकटीनं बोलायला अवघड जातं, म्हणून गटाच्या नावानं बोलायचं. बहुतेक मालक ऐकतात, कारण त्यांनाही हिरवळ हवी असते आणि कुत्राही प्यारा असतो.

२००१ साली केंद्र सरकारनं महाबळेश्वर-पाचगणीचा हा भाग पर्यावरणाच्या दृष्टीनं जपायचा म्हणून जाहीर केला. तो जपताना पाण्याचा विचार करावाच लागेल. सगळं आवार हिरवंगार हवं कशाला? थोडी हरळी, थोडा मुरूम, झाडाखाली पाला आणि कुत्र्याला पळायला मोकळी जागा, असंही आवार छान दिसतं. आपल्या आज्यांच्या अंगणाच्या ते जवळचं आहे, पाणी कमी पितं आणि बाईची कंबरही वाचते. मालकांना हे सुचवायला हरकत नाही. जमिनीचं आपल्याला कळतं, हे आपण सांगितल्याशिवाय त्यांना कसं कळणार?

येत्या बैठकीत प्रत्येक गटानं आपल्या भागात किती जणी हे काम करतात, कोणत्या दरानं करतात, याची यादी करावी. सगळ्या याद्या एकत्र झाल्या की आपल्याला एकच दर ठरवता येईल. यादी गटाच्या वहीत लिहा आणि महिन्याच्या सभेला घेऊन या.